पायांच्या फुगलेल्या शिरा : शस्त्रक्रियेविना उपचार

खानदेशात उभ्याने करावयाच्या कामांना तोटा नाही. जळगावच्या चटई कारखान्यांतील व डाळ मिलमधील कामगार, सराफ बाजारात काउंटरमागे उभी असणारी मुले-मुली, रावेर-सावद्याकडे केळीचे घड ट्रकमध्ये भरणारे मजूर, धुळ्याच्या यंत्रमागावरील कारागीर, एस.टी.चे वाहक, वर्गात उभे राहून शिकविणारे शिक्षक आणि ओट्यापुढे पहाट-संध्याकाळ उभी असणारी घरची बाई. ही नावे वाचताना प्रत्येकाला आपल्याच घरचे कोणीतरी आठवेल. यांच्यापैकी अनेकांच्या पोटरीवर निळसर, वेड्यावाकड्या, गांडुळासारख्या शिरा दिसू लागतात. "नसा फुगल्या" असे म्हणून आपण सोडून देतो. डॉक्टर त्यांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. पुढे संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याशी सूज व खाज येते, कातडी काळवंडते आणि अखेरीस घोट्याच्या आतल्या बाजूस जी जखम होते ती वर्षानुवर्षे भरत नाही. त्या जखमेपायी रोजी बुडते. तेव्हा हा विषय केवळ दिसण्याचा नाही.

असे का होते ते आधी पाहू. हृदयाकडून पायाकडे रक्त खाली येते ते जोराने येते. परत वर जाताना मात्र त्याला चढ चढावा लागतो. या कामी दोन गोष्टी मदत करतात. शिरांच्या आत छोट्या झडपा असतात, त्या रक्ताला फक्त वरच जाऊ देतात. दुसरी मदत पोटरीच्या स्नायूंची. आपण चालतो तेव्हा हे स्नायू आवळतात आणि शिरांतील रक्त पंपाप्रमाणे वर ढकलतात. तासन् तास एका जागी उभे राहिले की हा पंप बंद पडतो. झडपा सैल झाल्या की रक्त मागे येऊन साचते व कातडीखालच्या शिरा फुगतात. आनुवंशिकता, बाळंतपणे, वाढलेले वजन व वय हीही कारणे आहेत. गरोदरपणात फुगलेल्या शिरा बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुष्कळशा उतरतात, म्हणून त्या काळात इंजेक्शनचे उपचार करीत नाहीत.

यावरून पहिला उपचार कोणता ते कळते : चालणे. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात भगवान बुद्धांनी चंक्रमणाचे, म्हणजे येरझारा घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. प्रवास झेपतो, प्रयत्नाला बळ येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि त्यात लाभलेली समाधी दीर्घकाळ टिकते. भिक्खूंसाठी सांगितलेली ही गोष्ट काउंटरमागील मुलीलाही लागू आहे. उभे राहणे सुटत नसेल तर दर अर्ध्या तासाने टाचा वर-खाली कराव्यात, चार पावले चालावे. ध्यानाला मांडी घालून बराच वेळ बसणाऱ्या उपासकांनीही मधूनमधून उठावे. रात्री पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवून झोपावे.

दुसरा उपाय म्हणजे दाब देणारे मोजे. हे साधे मोजे नव्हेत. घोट्याशी जास्त व वर कमी होत जाणारा दाब त्यांत असतो आणि पायाचे माप घेऊनच ते घ्यावे लागतात. बहुतेकांना गुडघ्यापर्यंतचे पुरतात. सकाळी बिछान्यातून उठण्यापूर्वी, सूज नसताना चढवावेत व रात्री काढावेत. खरी अडचण पुढेच आहे. चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे धावतो, आणि उष्णतेने शिरा आणखी पसरतात. ज्या दिवसांत मोज्यांची गरज अधिक, नेमक्या त्याच दिवसांत ते अंगावर सहन होत नाहीत. पुष्कळ जण पंधरा दिवसांत ते कपाटात टाकतात. अशांनी निदान कामाचे तास तरी ते घालावेत, दोन जोड ठेवून रोज धुवावेत व घरी आल्यावर पाय गार पाण्याने धुऊन उंच ठेवावेत. दिवसभर घालवत नाहीत म्हणून अजिबातच सोडणे योग्य नव्हे.

एक इशारा मात्र द्यावाच लागेल. विडी-सिगारेट ओढणारे व मधुमेही यांच्या पायाकडे रक्त आणणाऱ्या धमन्याच आखडलेल्या असू शकतात. अशा पायाला घट्ट मोजा किंवा पट्टी बांधली तर पाय गमावण्याची पाळी येते. म्हणून आधी डॉक्टरांकडून पायाच्या नाड्या तपासून घ्याव्यात. गोळ्यांनी जडपणा थोडा कमी होतो. तेलाने किंवा मलमाने फुगलेली शीर मिटत नाही. शिरेवर डाग देण्याचा प्रकार तर कटाक्षाने टाळावा.

मोजे त्रास आवरतात, मूळ दोष घालवीत नाहीत. त्यासाठी शीर बंद करावी लागते. पूर्वी मांडीत चीर देऊन शीर ओढून काढीत आणि त्या भीतीनेच लोक दवाखान्याकडे फिरकत नसत. आता कलर डॉपलर या सोनोग्राफीने कोणती झडप गळते ते कळते. मग जागा बधिर करून बारीक नळी शिरेत घालतात व लेसरच्या किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेने ती आतूनच मिटवितात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. दुसरी पद्धत इंजेक्शनची : पॉलिडोकॅनॉलसारख्या औषधाचा हवेशी घुसळलेला फेस शिरेत सोडतात, तिच्या भिंती चिकटतात व ती सुकते. यात शीर पुन्हा उघडण्याचा संभव अधिक असतो आणि कातडीवर काही काळ डाग राहतो. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शनात क्रम असाच आहे : आधी उष्णतेचा उपचार, तो न जमल्यास फेस आणि त्यानंतर शस्त्रक्रिया. शरीरात खोल असलेल्या शिरा रक्ताचे काम सांभाळतात, त्यामुळे वरची एक शीर बंद केल्याने पाय सुकेल ही भीती निराधार आहे. मात्र खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हे डॉपलरमध्ये पाहिलेच पाहिजे.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल-निळ्या बारीक रेषांना बहुधा उपचाराची गरज नसते. हौस असेल तर बारीक सुईने इंजेक्शन देता येते. वरून मारावयाच्या लेसरने आपल्या सावळ्या कातडीवर डाग पडण्याचा धोका असतो, म्हणून जाहिरात पाहून पैसे घालवू नयेत.

जखम झालेल्यांनी मात्र दिरंगाई करू नये. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. दाबाची पट्टी दोन्ही गटांना होती. ज्यांच्या शिरेवर लवकर उपचार झाला त्यांची जखम भरण्याचा मध्यम काळ ५६ दिवस होता, इतरांचा ८२ दिवस. वर्षभर नुसते मलम लावणाऱ्याने हे आकडे ध्यानात घ्यावेत. दुखणे कातडीचे नसून शिरेचे आहे. धुळ्याला भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे व जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील शल्यचिकित्सा विभागात पाय दाखवावा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो काय, याची आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. आपल्या भगिनी पाय साडीआड झाकतात व जखम झाल्यावरच सांगतात. घरच्या पुरुषांनी आपणहून विचारावे.

उभ्याने काम करणाऱ्याला बसण्याची सोय हवी, ही तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात होती व २०२० च्या नव्या संहितेतही आहे. दुकानांतील नोकरांसाठी केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात घातला. दुकानात एक स्टूल मागणे हा आळस नव्हे, हे आपल्या कामगार बांधवांनी मालकाला सांगावे.

फुगलेली शीर फुटून रक्ताची धार लागली तर घाबरून उभे राहू नये. ताबडतोब आडवे व्हावे, पाय उंच करावा, स्वच्छ कापडाने दहा मिनिटे दाबून धरावे व मग दवाखाना गाठावा. वर दोरी आवळून बांधू नये. एकच पाय अचानक सुजला व दुखू लागला, किंवा त्यासोबत दम लागला, तर खोल शिरेत गाठ झाली असण्याची शक्यता असते. तेव्हा पाय चोळू नये, सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालयात न्यावे.