उभ्या गाडीची बॅटरी

शास्त्रपाठ : लेवीय २४:१-४



सेवेच्या गाडीबद्दल मंडळीत बोलणे निघाले की ते सहसा डिझेल, टायर आणि विमा या तीन खर्चांपुढे जात नाही. हे तिन्ही खर्च गाडी फिरते म्हणून होतात. या पाठात आपण बॅटरीचा विचार करणार आहोत, कारण तिचे नुकसान बहुतेक वेळा गाडी आवारात उभी असताना होते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

बारामती-इंदापूर भागात काम करणाऱ्या गाडीचे वर्ष कसे जाते ते आधी पाहू. दिवाळीच्या सुमारास साखर कारखाने सुरू होतात, ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि मार्चपर्यंत गाडीला उसंत नसते. आज औषधे, उद्या चादरी, परवा वस्तीवरच्या मुलांना शाळेत सोडणे. या दिवसांत बॅटरी कधी त्रास देत नाही. उन्हाळ्यात फेऱ्या कमी होतात. आषाढीच्या आधी संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. तेव्हा रस्ते वळवलेले असतात आणि गाडी आवारातच राहते. मग पावसाळा. पक्क्या रस्त्यापासून पालांपर्यंतची वाट काळ्या मातीची. एक चांगला पाऊस झाला की चाके रुततात आणि आठवडाभर, कधी दहा दिवस, कोणी गाडी काढत नाही.

नेमक्या याच महिन्यांत तिची गरज सर्वांत जास्त असते. पालात जमिनीवर झोपणाऱ्याला साप चावण्याचे दिवस हेच. बाळंतपण तर महिना बघून येत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते, पहिला फोन तिलाच करावा. पण ती येईपर्यंत रुग्णाला पक्क्या रस्त्यावर आणायला, किंवा ती दूर असेल तर थेट इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा बारामतीला न्यायला, जवळची गाडी लागते. पारधी वस्तीवर रात्री यायला खासगी गाडीवाले अजूनही कचरतात. गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा १८७१ चा. तो १९५२ मध्ये देशभरातून गेला, पण त्याने मारलेला शिक्का लोकांच्या मनावर राहिला आहे. म्हणून रात्री दोन वाजता फोन येतो तो आपल्याकडे. तेव्हा किल्ली फिरवल्यावर सेल्फने नुसते ‘टिक टिक’ केले, तर त्या वस्तीवर पुढच्या वेळी कोणत्या तोंडाने प्रार्थनेला बसायचे?

आता बॅटरी उभ्या-उभ्या का उतरते ते समजून घेऊ. गाडी बंद केली म्हणजे सगळे बंद झाले असे आपण समजतो, पण तसे नसते. घड्याळ, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, इंजिनचा संगणक, म्युझिक सिस्टीमची आठवण, शिवाय मागाहून बसवलेला जीपीएस किंवा कॅमेरा, हे सगळे थोडी थोडी वीज घेतच असतात. चांगल्या स्थितीतल्या गाडीत हा प्रवाह साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. ५० धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतो. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे दहा दिवसांत तिचा तिसरा हिस्सा गेला, आणि महिन्याभरात ती संपली. गाडीत मात्र नादुरुस्त असे काहीच नसते.

याउलट छतावरचा पाच वॅटचा एक दिवा राहिला तर दिवसाला दहा अँपिअर-तास जातात. दोन-तीन दिवसांत खेळ खलास. पार्किंगचे चार दिवे राहिले तर एक रात्र आणि एक दिवस पुरतो. वस्तीवरून येताना मागचे दार नीट लागलेले नसते, त्याचा दिवा आत जळत राहतो, आणि उजेडात तो दिसत नाही. गाडी लावल्यावर अंधारात एक फेरी मारून काचेतून आत पाहणे ही साधी सवय बरेच काही वाचवते.

आपल्या भागात याला आणखी दोन कारणे जोडली जातात. एक उन्हाळा. बॅटरी काही न जोडताही स्वतःहून उतरत असते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग जवळपास दुप्पट होतो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली गाडी आणि लिंबाच्या सावलीतली गाडी यांच्या बॅटऱ्या सारख्या टिकत नाहीत. दुसरे कारण उंदीर. शेजारचा ऊस तुटला की फडातले उंदीर आसरा शोधतात, आणि बॉनेटखालची ऊब त्यांना आवडते. कुरतडलेली वायर बॉडीला टेकली की वीज गळू लागते. गाडी बरेच दिवस उभी असेल तर बॉनेट उघडून पाहावे.

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली, ते दिवस आठवा. सुरुवातीला २१ दिवसांची होती, मग वाढत गेली. रोज धावणाऱ्या गाड्या सोसायट्यांच्या आणि चर्चच्या आवारांत उभ्या राहिल्या, आणि बाहेर पडायची वेळ आली तेव्हा कित्येकांचा सेल्फ लागेना. पुण्या-मुंबईच्या सभासदांना हे चांगले आठवत असेल. त्यातल्या काही बॅटऱ्या चार्ज करून पुन्हा चालू झाल्या. काही कायमच्या गेल्या. हा फरक का पडला? बॅटरी उतरते तेव्हा आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळतो. पण अर्धवट उतरलेली बॅटरी कित्येक आठवडे तशीच राहिली तर त्या थराचे कठीण खडे होतात आणि मग चार्जर लावूनही उपयोग होत नाही. नव्या बॅटरीला काही हजार रुपये पडतात, आणि ते तुमच्या देणगीतून जातात.

आता शास्त्रपाठाकडे येऊ. अशा विषयावर बोलताना आपल्याला सहसा मत्तय २५ मधल्या दहा कुमारी आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण तिथे तेल संपल्याचे कळते ते मध्यरात्री, हाक आल्यावर. लेवीय २४ मध्ये त्या आधीच्या तासांची व्यवस्था सांगितली आहे. देव मोशेला सांगतो की इस्राएल लोकांनी दिव्यासाठी जैतुनाचे शुद्ध तेल आणावे, आणि अहरोनाने दर्शनमंडपात संध्याकाळपासून सकाळपर्यंत त्या दिव्यांची व्यवस्था ठेवावी. इथे दोन कामे वेगळी केलेली आहेत हे पाहा. तेल आणायचे सगळ्या लोकांनी. दिव्याकडे पाहायचे मात्र एका माणसाने, आणि त्याचे नावही दिले आहे. वेळ सांगितली आहे ती रात्रीची, म्हणजे मंडपापुढे गर्दी नसते ती.

आपण पहिले काम आनंदाने करतो. गाडीसाठी वर्गणी जमते, अर्पणाच्या रविवारी तिच्यासाठी प्रार्थना होते. दुसरे काम बहुधा ‘सगळ्यांचे’ असते, आणि म्हणून ते कोणाचेच नसते. पाळकसाहेबांना वाटते ड्रायव्हर पाहत असेल. ड्रायव्हर तर फेरी असेल त्याच दिवशी येतो. माझ्या मते गाडी देण्याइतकेच तिचा राखणदार नेमणे महत्त्वाचे आहे, आणि तो शक्यतो आवाराजवळ राहणारा असावा. त्याला गाडी चालवता आलीच पाहिजे असेही नाही. निवृत्त शिक्षक असो की तरुण संघाची मुलगी, मल्टीमीटर वाचता आला की पुरे.

हा मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सेल्फ मारण्याआधी त्याची लाल काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळी निगेटिव्हला लावावी. १२.६ व्होल्ट किंवा थोडे जास्त आले तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ म्हणजे जवळपास रिकामी. १२.४ च्या खाली गेली की थांबू नये, त्याच दिवशी चार्ज करावी. इंजिन चालू असताना हाच आकडा १३.८ ते १४.५ च्या आसपास दिसायला हवा. तसा दिसला नाही तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासून घ्यावा, नाहीतर कितीही फिरवले तरी बॅटरी भरणार नाही.

चार्ज कशी करावी? बरेच जण गाडी जागेवर दहा मिनिटे चालू ठेवून समाधान मानतात. त्यात डिझेल जाते आणि बॅटरीला फारसे काही मिळत नाही, कारण इंजिन संथ फिरताना अल्टरनेटर कमी वीज देतो. बाजारापर्यंतची दोन किलोमीटरची फेरीही पुरत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास नीट रस्त्यावर चालवली तर रोजची किरकोळ गळती भरून निघते. बारामतीहून इंदापूरला जाऊन येणे झाले तर उत्तमच. त्यासाठी मुद्दाम डिझेल जाळण्यापेक्षा त्या दिवशी एखादे काम जोडून घ्यावे. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला मात्र एवढे चालवणे पुरत नाही. तिला भिंतीवरच्या विजेवर चालणारा चार्जर लावून कित्येक तास ठेवावे लागते. चार्जर घ्यायचाच असेल तर बॅटरी भरल्यावर आपोआप थांबणारा घ्यावा. साधा चार्जर विसरला की आतले पाणी उकळून जाते.

डिझेल गाडीला हे सगळे जास्त लागू आहे. पेट्रोल इंजिनात हवा साधारण दहा पट दाबली जाते, तर डिझेलमध्ये सोळा ते वीस पट. त्यामुळे इंजिन फिरवायला सेल्फला पुष्कळ जास्त जोर लागतो. बॅटरीही मोठी असते, पण ती अर्धी झाली की सेल्फ आधी कुरकुरतो. पूर्वी जीप, अँबॅसडर, फियाट यांना पुढून हँडल मारता येत असे. आजच्या गाडीला ती सोय नाही. धक्का मारून सुरू करण्याचा भरवसाही धरू नये. नव्या इंजिनांच्या संगणकाला आणि इंधन पुरवठ्याला थोडी तरी वीज लागते, आणि चिखलात, अंधारात, रुग्ण आत असताना धक्का मारायला लावणे धोक्याचे आहे.

केबल काढून ठेवणे हा जुना आणि खात्रीचा उपाय. परदेशी मुलांकडे दोन-तीन महिने जाणाऱ्या सभासदांनी आपल्या घरच्या गाडीसाठी तो जरूर करावा. बहुतेक छोट्या गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्ह काढावी, लावताना ती शेवटी लावावी. उलट केले आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. काढण्यापूर्वी किल्ली खिशात असल्याची खात्री करावी. रात्री-अपरात्री लागणाऱ्या सेवेच्या गाडीला मात्र केबल काढून ठेवणे मला पटत नाही. घाईत पाना सापडत नाही. त्याऐवजी ट्रकला असतो तसा कट-ऑफ स्विच वायरमनकडून बसवून घ्यावा. गाडी लावली की बंद, निघताना चालू. इंजिन चालू असताना तो कधीही बंद करू नये, अल्टरनेटर जळू शकतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली असेल तर खाण्याचा सोडा गरम पाण्यात घालून ब्रशने धुवावी, कोरडे करून व्हॅसलिन लावावे. बॅटरीला झाकणे असतील तर पाणी पट्ट्यांच्या वर आहे ना ते बघावे, आणि डिस्टिल्ड वॉटरच घालावे. आपल्याकडचे बोअरचे क्षाराचे पाणी घालू नये. आत डोकावताना काडी पेटवू नये. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो पेटतो. टॉर्च वापरावी. आम्ल अंगावर किंवा डोळ्यात उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

एवढे करूनही बॅटरी वरचेवर उतरत असेल तर वायरमनला गळती मोजायला सांगावे. दारे लावून अर्धा तास थांबायचे, मग निगेटिव्ह केबलच्या मध्ये मीटर जोडून एकेक फ्यूज काढत जायचे. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो तिथे चोर आहे. बहुधा तो मागाहून बसवलेल्या एखाद्या वस्तूत सापडतो.

गाडीत जम्पर केबल असावीच. जोडण्याचा क्रम असा : लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. हा क्रम एका पुठ्ठ्यावर लिहून केबलबरोबरच बांधून ठेवावा.

दुसरा पुठ्ठा राखणदाराचा. त्यावर तारीख, सकाळचा व्होल्ट, शेवटची फेरी आणि सही एवढ्याच चार रकाने हवेत. तो डॅशबोर्डवर ठेवावा, म्हणजे गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडेल. पहिली नोंद पालखी गावात येण्याच्या आधीच्या रविवारी, उपासनेनंतर करावी.