ताळेबंदाची तळटीप

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने शस्त्रक्रियेवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण ताळेबंदाखाली तळटिपेत ‘संभाव्य देणी’ असतात. ती बहुधा द्यावी लागत नाहीत. लागली तर पेढी बुडवू शकतात. हा धडा मला गेल्या वर्षी वहिनीच्या आजारपणात खरा समजला.

दुसऱ्या बाळंतपणानंतर वहिनीने इंदुरातच सुटलेल्या पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली. या शस्त्रक्रियेत सैल त्वचा व चरबी काढतात आणि स्नायू शिवून घट्ट करतात. जखमेखाली पाणी साचणे, टाके चिघळणे हे नेहमीचे त्रास. विरळ पण गंभीर असे तीन :

१) रक्ताची गुठळी : स्नायू आवळल्याने पोटातील दाब वाढतो, चालणेही कमी होते. पायांतील रक्त संथ होऊन गोठते. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते.

२) त्वचा मरणे : ताणलेल्या त्वचेला, कधी बेंबीलाही, रक्त पुरत नाही, ती काळी पडते. धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका अधिक.

३) आतड्याला छिद्र : नळीने चरबी शोषून घेताना क्वचित होते. मग पोटात असह्य दुखते, ताप येतो.

१६ मे २०२२ रोजी बंगळूरला चेतना राज ही २१ वर्षांची कन्नड अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी मरण पावली. फुफ्फुसांत पाणी झाल्याचे वृत्त होते. धारवाडच्या मामांनी ते आईला कन्नडमधून फोनवर सांगितले, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

सहाव्या दिवशी वहिनीची डावी पोटरी सुजली. ‘‘गोळा आला असेल, तेल चोळा,’’ शेजारच्या काकू म्हणाल्या. मला मामांचा फोन आठवला. वहिनीने सही केलेला संमतिपत्राचा कागद इंग्रजीत होता. घरात कोणीच तो वाचला नव्हता. मी शब्दकोश घेऊन बसलो. पोटरीची सूज त्यात स्पष्ट लिहिलेली होती! तेलाची वाटी तशीच ठेवून आम्ही रिक्षा बोलावली. सोनोग्राफीत गुठळी दिसली. रक्त गोठू न देणारी औषधे काही महिने घ्यावी लागली. आज वहिनी बरी आहे.

मित्रहो, सहीपूर्वी कागद आपल्या भाषेत समजावून घ्या. एकाच पायाला सूज, अचानक धाप किंवा छातीत कळ आली तर चोळू नका, थांबू नका. तडक इस्पितळ गाठा. विरळ म्हणजे अशक्य नव्हे.