सहाव्या वर्षाची दाढ व तिचे संरक्षण

पहिलीत बसणाऱ्या मुलाच्या तोंडात एक महत्त्वाची घटना घडत असते. परंतु तिची वार्ता घरात बहुधा कोणासच नसते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, वर दोन व खाली दोन, अशा चार नव्या दाढा उगवतात. त्यांच्यासाठी दुधाचा दात पडत नाही. म्हणून आईबाप त्यांना दुधाच्याच समजतात आणि 'पडेल, नवी येईल' असे म्हणून स्वस्थ राहतात. वस्तुतः या कायमच्या दाढा होत. गेल्या, की पुन्हा येत नाहीत.

ओळखण्याची खूण सोपी आहे. समोरच्या दोन दातांच्या मधून एका बाजूस मोजीत जावे. पाच दात दुधाचे. सहावी ती ही दाढ. सहावे वर्ष, सहावा दात, एवढे मुलांकडून पाठ करवून घ्यावे.

या दाढेच्या माथ्यावर अरुंद व खोल खाचा असतात. ब्रशाचे केस त्यांच्या तळाशी पोचत नाहीत. तेथे अडकलेल्या गोड व पिठूळ अन्नापासून जंतू आम्ल बनवितात आणि दाताचे कवच पोखरले जाते. कीड लागण्यापूर्वीच खाचा बुजविणे हा त्यावरील उपाय होय. यास टोचणी लागत नाही, दात कोरावा लागत नाही. लेप दोन प्रकारचे आहेत.

१. रेझिनचा लेप : सौम्य आम्लाने कवच खरखरीत केले म्हणजे त्यावर लेप घट्ट धरतो. ही युक्ती अमेरिकेतील मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ साली मांडली. हा लेप अधिक काळ टिकतो. मात्र लावताना दाढ अगदी कोरडी हवी. लाळ लागल्यास तो निसटतो.

२. ग्लास आयनोमरचा लेप : यास थोडा ओलावा चालतो, म्हणून अर्धवट उगवलेल्या दाढेवरही तो लावता येतो. त्यातून फ्लोराइड हळूहळू पाझरते. परंतु तो लवकर झिजतो.

यांत श्रेष्ठ कोणता, हे दाढेची स्थिती व मुलाची पुनर्भेट यांवर ठरते. उमापूरचे उदाहरण घेऊ. समजा, दिवाळीच्या सुमारास एखादी मुलगी आईबापांबरोबर ऊसतोडणीस जाणार आहे. तिची दाढ निम्मीच वर आली आहे. दाढ पूर्ण उगवेपर्यंत थांबावे, तर ती तोवर फडावर असेल. अशा वेळी ग्लास आयनोमरचा लेप लावून पाठवावे व परतल्यावर दाढ पुन्हा दाखवावी, हे हिताचे. गावातच राहणाऱ्या, पूर्ण उगवलेल्या दाढेच्या मुलास रेझिनचा लेप उपयोगी पडतो. निर्णय दंतवैद्याचाच, पण कोणते मूल केव्हा गावाबाहेर जाणार, हे त्यास शिक्षकच सांगू शकतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते. त्यापूर्वी शिक्षकाने जन्मतारखांवरून सहा-सात वर्षांच्या मुलांची यादी करावी, स्थलांतराचा महिना नोंदवावा व ती यादी पथकाच्या हाती द्यावी. बारा वर्षांच्या सुमारास येणाऱ्या दुसऱ्या कायमच्या दाढांसाठीही हेच करावे.

लेप लावला म्हणून दात घासणे सुटत नाही, हेही पालकांस बजावावे. दाढ एकदाच येते. आणि ती येते तेव्हा मूल आपल्या वर्गात असते.