प्रथम ऐकावे : कार्ल रॉजर्स यांची समुपदेशनपद्धती आणि प्राथमिक शिक्षक

वर्गातील एखादे मूल अभ्यासात मागे पडू लागले, वारंवार गैरहजर राहू लागले किंवा खोड्या करू लागले, म्हणजे आपण शिक्षक त्याचे कारण शोधू लागतो. हे योग्यच आहे. परंतु कित्येकदा कारण शोधण्याऐवजी आपण ते ठरवूनच टाकतो आणि उपदेशास प्रारंभ करतो. हीच चूक ज्यांच्या हातून घडली, आणि त्या चुकीपासून शिकून ज्यांनी समुपदेशनाची एक सबंध पद्धती उभी केली, त्या कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा परिचय प्रस्तुत पाठात करून द्यावयाचा आहे.

पूर्वायुष्य व शिक्षण

रॉजर्स यांचा जन्म १९०२ साली शिकागोनजीकच्या ओक पार्क या गावी झाला. ते बारा वर्षांचे असताना कुटुंब शेतावर राहावयास गेले. तेथे शास्त्रीय शेतीवरील ग्रंथ वाचता वाचता प्रयोग कसा रचावा, हे त्यांना कुमारवयातच उमगले. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी प्रथम शेतीशास्त्र व पुढे इतिहास हा विषय घेतला. नंतर धर्मोपदेशक होण्याच्या हेतूने न्यूयॉर्क येथील धर्मविद्यालयात दोन वर्षे काढली. परंतु ठराविक मतांस बांधून घेणे त्यांच्या मनास मानवेना. म्हणून ते कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात दाखल झाले. प्रकल्पपद्धतीमुळे आपणां सर्वांस ठाऊक असलेले किलपॅट्रिक यांच्या वर्गात ते तेथे बसले. १९३१ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. समुपदेशनाचा हा आचार्य वैद्यकीय विद्यालयातून नव्हे, तर शिक्षकांच्या विद्यालयातून बाहेर पडला, ही गोष्ट आपण ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

रॉचेस्टर येथील धडा

१९२८ पासून बारा वर्षे रॉजर्स यांनी रॉचेस्टर शहरातील बालसंरक्षण संस्थेत काम केले. न्यायालयांनी व समाजसंस्थांनी पाठविलेली, वर्तन बिघडलेली मुले तेथे येत. एकदा अशाच एका मुलाच्या आईशी त्यांच्या मुलाखती चालू होत्या. मुलाला लहानपणी आईने झिडकारले, हे मूळ कारण रॉजर्स यांच्या मते उघड होते. त्यांनी ते आईच्या गळी उतरविण्याचा सौम्य शब्दांत परोपरीने यत्न केला. उपयोग झाला नाही. अखेर, आपणां दोघांकडूनही प्रयत्न झाला, आता थांबावे, असे उभयतांनी ठरविले. दारापर्यंत गेलेली ती बाई मागे वळली आणि तिने विचारले, “येथे मोठ्या माणसांना सल्ला देता का?” ती परत येऊन बसली आणि आपल्या संसाराची व्यथा मनमोकळेपणे सांगू लागली. त्या दिवशी खऱ्या उपचारास प्रारंभ झाला व पुढे मुलातही सुधारणा झाली. रॉजर्स यांनी यावरून बोध घेतला तो असा : कोठे दुखते व कोणत्या दिशेने जावयाचे, हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते.

हा प्रसंग वाचताना प्रस्तुत लेखकास आपल्या सेवेतील आरंभीची वर्षे आठवतात. चौथीतील एक मुलगा वर्गात रोज पेंगत असे. आईवडील ऊसतोडीस गेलेले. तो आजीजवळ राही. मी त्यास आळशी ठरविले, उभे केले, शिक्षणाचे महत्त्व सांगितले. तो प्रत्येक वेळी “हो गुरुजी” एवढेच म्हणे. पुढे त्याने शाळा सोडली आणि तो आईवडिलांकडे फडावर गेला. आजारी आजीचा श्वास चालू आहे ना, हे पाहण्यासाठी तो पोर रात्ररात्र जागत होता, हे मला शेजाऱ्यांकडून मागाहून समजले. “रात्री झोप लागत नाही का रे?” एवढा प्रश्न मी कधी विचारला नव्हता.

पद्धतीचे स्वरूप

१९४२ साली रॉजर्स यांनी समुपदेशनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात एका संपूर्ण उपचाराच्या आठही मुलाखती शब्दशः छापल्या आहेत. बंद खोलीतील हे काम त्यांनी अशा रीतीने अभ्यासकांच्या परीक्षेसाठी खुले केले. १९५७ सालच्या लेखात त्यांनी उपचार सफल होण्याच्या अटी मांडल्या. त्यांपैकी समुपदेशकाने अंगी बाणवावयाच्या वृत्ती तीन :

१. प्रामाणिकपणा : मनात एक व मुखावर दुसरे, असे नसावे.
२. निरपेक्ष स्वीकार : कृत्य नापसंत असले तरी माणसाचा अव्हेर करू नये.
३. सहसंवेदना : त्याचे जग त्याच्या नजरेने पाहावे, आणि आपणांस ते समजले हे त्यासही कळावे.

या वृत्ती उपकारक आहेत हे पुढील संशोधनात पुष्कळ प्रमाणात मान्य झाले. परंतु तेवढ्याच पुरेशा आहेत, हे रॉजर्स यांचे म्हणणे सर्व तज्ज्ञांनी स्वीकारलेले नाही.

वर्गातील उपयोग

समजा, मूल म्हणाले, “गुरुजी, मला शाळेत यायचं नाही.” आपण म्हणतो, “असं बोलू नये. शाळा शिकला नाहीस तर पुढे काय करशील?” येथे संभाषण संपले. त्याऐवजी, “शाळा नकोशी वाटते तुला,” एवढेच म्हणून थांबावे. मूल कदाचित म्हणेल, “शाळा नाही. जेवायची सुट्टी. माझ्याजवळ कुणी बसत नाही.” कारण आपण शोधले नाही, ते मुलाने दिले. यास वेळही फारसा लागत नाही; थांबण्याचा संयम मात्र लागतो.

मर्यादा

शिक्षक हा उपचारक नव्हे. मूल दीर्घकाळ उदास राहिले, बोलेनासे झाले किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलले, तर मुख्याध्यापक व पालक यांस विश्वासात घेऊन त्यास विलंब न लावता शासकीय रुग्णालयातील तज्ज्ञांकडे न्यावे. ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा क्रमांक १४४१६ असून बालकांच्या साहाय्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. मुलाने लैंगिक अत्याचाराविषयी सांगितल्यास २०१२ च्या अधिनियमान्वये पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे; म्हणून “कुणालाही सांगणार नाही” असे वचन मुलास कदापि देऊ नये. इतर बाबतींत मात्र मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चर्चेचा विषय होता कामा नये.

रॉजर्स १९८७ साली निवर्तले. त्यांचे सर्व ग्रंथ वाचणे आपणांस शक्य होईलच असे नाही. परंतु उद्या वर्गात जे मूल पेंगताना दिसेल, त्यास उभे करण्यापूर्वी जवळ बसवून एक प्रश्न विचारणे आणि उत्तर पुरे होईतो गप्प राहणे, हे आपणां प्रत्येकास शक्य आहे.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील कोणत्या मुलाविषयी आपण कारण आधीच ठरवून टाकले आहे? ते कशावरून ठरविले?
२. कृत्याचा निषेध करूनही मुलाचा स्वीकार कसा करता येईल? अनुभवातील एक उदाहरण द्या.
३. कोणत्या प्रसंगी केवळ ऐकून घेणे पुरेसे नसते? अशा वेळी आपल्या शाळेत कोणी, कोणास कळवावयाचे, हे निश्चित करून लिहून ठेवा.