मालवाहू पिकअपची खरेदी : हिशेब, कर्ज आणि साज

माल शेतात पिकतो, पण त्याचे पैसे बाजारात होतात. शेत आणि बाजार यांच्यामधील वाट ज्याच्या हाती असते, त्याला विक्रीचा दिवस आपल्या सोयीने निवडता येतो. लासलगाव, पिंपळगाव बसवंत यांसारख्या बाजारपेठांत कांद्याचा लिलाव बहुधा गाडीतील सुट्या मालावरच होतो. त्यामुळे भाड्याची गाडी वेळेवर न मिळाल्यास त्या दिवसाचा लिलाव हुकतो. म्हणून स्वतःची गाडी असावी असे शेतकऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. २००५ साली टाटा एस ही छोटी गाडी बाजारात आली व ‘छोटा हत्ती’ या नावाने खेडोपाडी रुळली. तिच्याहून मोठ्या पिकअप गाड्याही आता गावोगावी दिसतात. परंतु गाडी घेणे आणि गाडी परवडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोणत्या हिशेबाने गाडी घ्यावी, कर्ज कसे घ्यावे व गाडी कशी सजवावी, याचा विचार या पाठात केला आहे.

१. किती माल वाहता येईल?

गाडीची पहिली परीक्षा तिच्या रंगावरून किंवा इंजिनाच्या आवाजावरून करू नये. नोंदणीपुस्तकातील वजनांवरून करावी. त्यात दोन आकडे असतात. एक, रिकाम्या गाडीचे वजन. दुसरा, मालासह अनुज्ञेय असलेले एकूण वजन. या दोहोंतील अंतर म्हणजे वाहण्याची शक्ती. रिकाम्या गाडीच्या वजनात चालक व मदतनीस यांचे वजन धरलेले नसते, तेही वजा करावे लागते.

समजा, गाडीचे एकूण अनुज्ञेय वजन ३,४०० किलो व रिकामे वजन १,७५० किलो आहे. अंतर १,६५० किलो. दोन माणसांचे १५० किलो वजा जाता १,५०० किलो, म्हणजे एका फेरीस १५ क्विंटल माल नेता येईल. विक्रेता याहून मोठा आकडा सांगत असेल, तर तो कागदावर दाखविण्यास त्याला सांगावे.

एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीस मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६६ अन्वये परवाना काढावा लागत नाही. त्याहून जड गाडीस तो लागतो. चालविण्याच्या अनुज्ञप्तीबाबतही पूर्वी बराच घोळ होता. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या मोटार वाहनाच्या अनुज्ञप्तीवर चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

२. गाडी परवडण्यास किती फेऱ्या हव्यात?

निफाड तालुक्यातील एखाद्या कांदा उत्पादकाचे उदाहरण घेऊ. पुढील आकडे रीत समजण्यापुरते धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून हिशेब पुन्हा मांडावा.

गाडीची रस्त्यावर येईपर्यंतची किंमत १०,००,००० रुपये. आठ वर्षांनी विकून येणारी रक्कम ३,००,००० रुपये. म्हणजे झीज वर्षास ८७,५०० रुपये. कर्जावरील व्याज आठ वर्षांत वाटून वर्षास सुमारे २७,५०० रुपये. विमा ३५,००० रुपये. कर, योग्यता प्रमाणपत्र इत्यादी १०,००० रुपये. गाडी दारात उभी राहिली तरी वर्षाचा हा १,६०,००० रुपयांचा खर्च चुकत नाही.

आता फेरीचा खर्च पाहू. जाऊन-येऊन ६० किलोमीटरच्या फेरीस बाहेरील गाडी २,००० रुपये भाडे घेते असे धरू. स्वतःच्या गाडीस डिझेल, टायर, तेल व दुरुस्ती मिळून किलोमीटरमागे १० रुपये, म्हणजे ६०० रुपये लागतात. चालकाची मजुरी ५०० रुपये. घरचा मुलगा गाडी चालवीत असला तरी ही मजुरी धरलीच पाहिजे, कारण तेवढा वेळ त्याचे शेतातील काम अडते. एकूण १,१०० रुपये. बचत फेरीमागे ९०० रुपये.

१,६०,००० भागिले ९०० म्हणजे वर्षास १७८ फेऱ्या. पाच एकर कांद्याचे ४५० क्विंटल उत्पादन धरले, तर १५ क्विंटलच्या हिशेबाने ३० फेऱ्याच होतात. एकट्याच्या मालावर ही गाडी परवडत नाही. अशी सहा घरे एकत्र आली तर १८० फेऱ्या भरतात व जमाखर्च जेमतेम जुळतो. परतीच्या वाटेवर खत, पेंड, बियाणे आणण्याचे काम मिळाले, तरच हाती काही उरते.

३. हप्त्याचा हिशेब निराळा

येथे पुष्कळ जण फसतात. गाडी आठ वर्षे चालते, परंतु हप्ते पाच वर्षांतच फेडावे लागतात. कागदावर परवडणारी गाडी म्हणूनच तिसऱ्या वर्षी जप्तीस येऊ शकते.

२,००,००० रुपये पदरचे घालून ८,००,००० रुपयांचे कर्ज द.सा.द.शे. १० टक्के दराने, घटत्या शिलकेवर, पाच वर्षांसाठी घेतले असे धरू. महिन्याचा हप्ता सुमारे १७,००० रुपये, म्हणजे वर्षास २,०४,००० रुपये. त्यात विमा व कर यांचे ४५,००० मिळविले की वर्षास २,४९,००० रुपये रोख लागतात. फेरीमागे ९०० रुपये सुटत असता यासाठी २७७ फेऱ्या हव्यात. सहा घरांच्या १८० फेऱ्यांतून १,६२,००० रुपयेच येतात. दरवर्षी ८७,००० रुपयांची तूट पडते, आणि ती बहुधा दुसरे कर्ज काढून भरली जाते.

आता सहाही घरांनी आणखी ५०,००० रुपये प्रत्येकी घातले, तर पदरची रक्कम ५,००,००० रुपये व कर्ज ५,००,००० रुपये होते. हप्ता सुमारे १०,६२५ रुपये. विमा व करासह वर्षाची गरज सुमारे १,७२,५०० रुपये, म्हणजे १९२ फेऱ्या. तूट जवळजवळ मिटते व पाच वर्षांत सुमारे ८२,००० रुपये व्याजही वाचते. पदरचा पैसा जास्त घालणे हाच कर्ज हलके करण्याचा खात्रीचा मार्ग होय.

४. कर्ज घेताना

पहिला प्रश्न दराचा नसून दराच्या जातीचा विचारावा. काही ठिकाणी ‘फ्लॅट’ दर सांगितला जातो. त्यात मुद्दल फिटत गेले तरी व्याज मूळ रकमेवरच आकारतात. ८,००,००० रुपयांवर १० टक्के फ्लॅट दराने पाच वर्षांचे व्याज ४,००,००० रुपये व हप्ता २०,००० रुपये होतो. घटत्या शिलकेवर हेच व्याज सुमारे २,२०,००० रुपये असते. म्हणजे १० टक्के फ्लॅट हा वस्तुतः सव्वासतरा टक्क्यांच्या आसपासचा दर आहे.

दुसरे, शेतीचे उत्पन्न मासिक नसते. माल विकला जाण्याच्या महिन्यांत मोठा हप्ता किंवा सहामाही हप्ता मिळेल काय, हे सही करण्यापूर्वीच बँकेस विचारावे. तिसरे, प्रक्रिया शुल्क, मुदतीपूर्वी फेडीचे शुल्क व उशिराचा दंड हे तिन्ही आकडे लेखी घ्यावेत. कोऱ्या कागदावर सही करू नये.

कर्ज असेपर्यंत नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा असतो. कर्ज फिटल्यावर बँकेचा ना-हरकत दाखला व नमुना ३५ परिवहन कार्यालयात देऊन बोजा उतरवून घ्यावा. तसे न केल्यास गाडी विकताना अडचण येते. किमतीची चौकशी करताना हेही ध्यानात ठेवावे की, मालवाहू गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दरपत्रकावर विसंबू नये.

५. गाडी ताब्यात घेताना

चॅसी व इंजिनाचा क्रमांक कागदाशी ताडून पाहावा, बनावटीचा महिना विचारावा, स्टेपनी व जॅक मोजून घ्यावेत. विमा विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. दोन-तीन ठिकाणचे दर विचारावेत. नव्या मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र प्रथम दोन वर्षांसाठी असते, आठव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. ही तारीख व विम्याची तारीख घरातील भिंतीवर लिहून ठेवावी.

६. गाडीचा साज

साज मालासाठी असावा, मिरविण्यासाठी नव्हे. हौद्यावर चढविलेला प्रत्येक किलो लोखंडाचा सांगाडा तेवढाच माल खाली उतरवितो. १०० किलोचे जादा लोखंड घातले तर १५ क्विंटलच्या जागी १४ क्विंटल उरतात, आणि वर्षाचा २,७०० क्विंटल माल नेण्यास १८० ऐवजी १९३ फेऱ्या कराव्या लागतात.

जादा पाटे बसविल्याने गाडी दबत नाही हे खरे. परंतु ब्रेक, आस व टायर पूर्वीचेच राहतात आणि अनुज्ञेय वजन तसूभरही वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा वजनासाठी २०,००० रुपये व त्यावर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तेथेच उतरवावा लागतो. हौद्याबाहेर माल लोंबत असल्यासही २०,००० रुपये दंड आहे. नोंदणीतील तपशिलास बाधा येईल असा कोणताही फेरफार परिवहन कार्यालयास विचारल्यावाचून करू नये.

उपयोगी साज थोडा व स्वस्त असतो. हौद्याच्या तळास रबराची चटई टाकावी. टोमॅटो व द्राक्षांच्या क्रेटला बसणारे हादरे तिने कमी होतात. क्रेट हलू नयेत म्हणून कड्या व पट्टे असावेत. ताडपत्री पावसासाठी ठेवावी. उन्हात कांद्यावर ती घट्ट आवळल्यास आत वाफ धरते, तेव्हा जाळी बरी. फाळक्याच्या कड्या दर आठवड्यास तपासाव्यात. परावर्तक पट्ट्या पुढे पांढऱ्या, मागे तांबड्या व बाजूस पिवळ्या असाव्यात. पहाटेच्या अंधारात बाजाराकडे निघणाऱ्या गाडीस याहून मोठा अलंकार नाही.

७. हौद्यात माणसे बसवू नयेत

कांदा लागवडीच्या दिवसांत मजूर बायकांना हौद्यात उभे करून नेण्याची चाल अनेक गावांत आहे. ती सोयीची वाटते, पण घातक आहे. हौद्यात धरावयास आधार नसतो. वळणावर किंवा अचानक ब्रेक लागल्यास माणसे बाहेर फेकली जातात. मालासोबत असलेला मालाचा धनी किंवा त्याचा प्रतिनिधी यास १९९४ च्या दुरुस्तीने विम्याचे संरक्षण मिळाले. पण फुकट बसविलेल्या उतारूंची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. अशा वेळी भरपाईचा भार गाडीच्या धन्यावर पडू शकतो. गेलेले माणूस तर कोणत्याही भरपाईने परत येत नाही. मजुरांसाठी प्रवासी गाडी ठरवावी. तिचे भाडे लागवडीच्या खर्चात धरावे.

८. भागीदारीचे नियम

सहा घरांनी गाडी घेतली तर नोंदणी कोणाच्या नावे, हप्ता कोण भरणार, सुगीत पाळी कशी लावणार, बिघाडाचा खर्च कसा वाटणार व बाहेर पडणाऱ्या भागीदारास काय मिळणार, हे सारे खरेदीपूर्वी लेखी ठरवावे. शेतकरी गट वा उत्पादक कंपनी असल्यास गाडी तिच्याच नावे घेणे श्रेयस्कर. गाडीत एक वही ठेवावी. तीत तारीख, अंतर, डिझेल, माल व भाडे यांची नोंद दररोज व्हावी. ज्या गाडीची वही नसते, तिचा नफा केवळ बोलण्यात असतो.

गावच्या बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावातून बाजारास वर्षाकाठी किती क्विंटल माल जातो व त्यास किती फेऱ्या लागतात?
२. सध्या फेरीस भाडे किती पडते? स्वतःच्या गाडीने त्यात किती बचत होईल?
३. मालावर परवडण्यास लागणाऱ्या फेऱ्या व हप्ता फेडण्यास लागणाऱ्या फेऱ्या यांत अंतर किती पडते? ते कशाने भरून निघेल?
४. मजुरांची ने-आण सुरक्षितपणे कशी करता येईल?

ग्रामसेवक व कृषि कार्यकर्त्यांनी हे प्रश्न फळ्यावर लिहून आकडे शेतकऱ्यांकडूनच भरून घ्यावेत. उत्तर ‘गाडी घ्यावी’ असे येवो वा ‘यंदा भाड्याचीच बरी’ असे येवो, हिशेबातून आलेला निर्णय घरास तारतो.