मॉस आणि वटवाघूळ : दोन जैवनिर्देशकांची तुलना

रायपूरनजीकच्या उरला औद्योगिक क्षेत्रात स्पंज लोखंड तयार होते. दगडी कोळशाच्या साह्याने लोहखनिजातील प्राणवायू काढताना बारीक धूळ निर्माण होते. ती अडविणाऱ्या यंत्रणेचा विजेचा खर्च कारखान्याने सोसावयाचा आणि लाभ मात्र भोवतालच्या वस्तीला व भातशेतीला मिळावयाचा, अशी ही स्थिती आहे. अर्थशास्त्रात यालाच नकारात्मक बाह्यतेचा प्रश्न म्हणतात. तो सोडविण्यासाठी प्रथम मोजमाप हवे.

भारतात जुन्या भिंतींवर सर्रास आढळणारे ‘हायोफिला इन्व्होल्यूटा’ हे मॉस घ्या. बोलीभाषेत आपण त्यालाही शेवाळच म्हणतो. मॉसला खरी मुळे नसतात. पाणी व खनिजे ते पानांच्या पृष्ठभागातून थेट शोषते, त्यामुळे हवेतून पडणारे शिसे, जस्त, लोह त्याच्या ऊतींत साठत जाते. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस या गुणाचा उपयोग सुरू झाला. युरोपात १९९० पासून दर पाच वर्षांनी असे सर्वेक्षण होते. जेथे मॉस टिकत नाही तेथे स्वच्छ मॉस जाळीच्या पिशव्यांत भरून टांगतात. एका दिवसाच्या तपासणीत त्या दिवसाचीच हवा कळते. धूळरोधक यंत्रणा रात्री बंद राहिली, तर त्याची नोंद मॉसमध्ये मात्र उरते.

‘स्कोटोफिलस हीथाय’ हे घरांच्या फटींत राहणारे पिवळे वटवाघूळ कीटकभक्षी आहे. कीटकांतील विषारी द्रव्ये त्याच्या शरीरात साठतात. वर्षातून एकदाच वीण होत असल्याने घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. मात्र ती घट धुळीमुळे, कीटकनाशकांमुळे की निवारा गेल्यामुळे झाली, हे सांगणे कठीण असते. मॉस विशिष्ट जागेची साक्ष देते, वटवाघूळ साऱ्या परिसराची.

मूल्यमापनात मात्र वटवाघूळ सरस ठरते. अमेरिकेत रोगाने वटवाघळे मेलेल्या परगण्यांत कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी व बालमृत्युदर सुमारे ८ टक्क्यांनी वाढला, असे २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळभक्षी वटवाघळांना उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत घातले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची वगळण्यात आली. (परीक्षार्थींनी हा बदल लक्षात ठेवावा.)

उरल्यापुरते पाहता, मर्यादित निधीतून सुरुवात मॉसच्या पिशव्यांनी करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. धूळ कोणत्या दिशेने येते, हे त्यांवरून काही आठवड्यांत कळू शकते. वटवाघळांच्या गणनेला मात्र अनेक वर्षे द्यावी लागतात.