कापड दुकानातील एसी: घ्यावयाची काळजी

व्यापारी बंधूंनो, आम्ही कापडवाले दिवसभर तागे उलगडतो. त्यातून उडणारे बारीक तंतू एसीच्या जाळीवर बसतात. जाळी चोंदली की हवा कमी येते, कॉइलवर बर्फ जमतो आणि तो वितळला की पाणी खालच्या मालावर गळते. म्हणून दर 15 दिवसांनी जाळी साध्या पाण्याने धुवावी व सावलीत पूर्ण वाळवूनच लावावी.

स्प्लिट एसी बसवतानाच पाण्याच्या नळीला बाहेरपर्यंत उतार ठेवावा. मशीनखाली मालाचे कपाट नको. तांब्याच्या नळ्या जोडल्यावर मेकॅनिककडून व्हॅक्यूम पंपाने आतील हवा व ओल काढून घ्यावी. दरवर्षी गॅस भरायला सांगणाऱ्यापासून सावध राहा. गॅस वापराने संपत नाही, गळतीने जातो. आधी गळती बंद करवून घ्या, मगच पैसे मोजा.